अपेंडिक्स आणि आपला सीमाभाग: रात्री अकराला काय मिळतं, त्यावरून सेवेची पारख

अपेंडिक्सच्या ऑपरेशनला बेळगावात कुठला दवाखाना चांगला, असं कुणी विचारलं की आमचा उलट प्रश्न ठरलेला असतो: रात्री अकरा वाजता तिथे कोण असतं? सकाळी दहाला सर्जन, भूलतज्ज्ञ, सोनोग्राफी करणारे, रक्त तपासणारे सगळे जागेवर असतात. पण दुपारी बेंबीभोवती सुरू झालेली कळ उजव्या कुशीखाली उतरते ती रात्रीच, आणि खानापूर, निपाणी, चिक्कोडी किंवा अथणी तालुक्यातल्या घरात त्या वेळी 'उद्या बघू' असं ठरतं. म्हणून इथे एका दवाखान्याला गुण देण्यापेक्षा घराच्या उंबऱ्यापासून ऑपरेशनच्या टेबलापर्यंतच्या सगळ्या वाटेला गुण देतो आहोत. वाट जिथे तुटते तिथेच अपेंडिक्स फुटतं.

सुरुवात घरापासून. ह्या टप्प्यावरची सेवा आपणच आपल्याला देतो आणि सगळ्यात कमी गुण तिलाच पडतात: पाचपैकी दीड.

अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी, एका टोकाला बंद असलेली नळी. लांबी साधारण ६ ते ९ सेंटिमीटर. तिचं तोंड घट्ट झालेल्या शौचाच्या खड्याने किंवा आतल्या सुजलेल्या गाठींनी बंद झालं, की आत स्राव साचतो, दाब वाढतो, जंतू वाढतात, भिंतीचा रक्तपुरवठा तुटतो. सुरुवातीला ताण फक्त नळीला असतो, आणि आतड्याच्या नसा दुखण्याची जागा नेमकी सांगू शकत नाहीत. म्हणून दुखतं बेंबीभोवती. बारा ते चोवीस तासांत सूज बाहेर पोटाच्या अस्तराला टेकली, की मग बोट ठेवून दाखवता येईल अशी एक जागा दुखू लागते. बेंबीपासून उजव्या कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकापर्यंत मनात रेघ ओढा. हाडाकडून एक तृतीयांश अंतरावर ती जागा येते. मॅकबर्नी ह्या अमेरिकी सर्जनने १८८९ साली ती सांगितली आणि आजही डॉक्टरचं बोट पहिल्यांदा तिथेच जातं.

दुखण्याचा क्रम लक्षात ठेवा, कारण निदान त्यातच आहे. आधी दुखणं, मग भूक मरणं, मग मळमळ किंवा एकदोन उलट्या, मग थोडा ताप. उलट्या-जुलाब आधी आणि पोटदुखी नंतर, असं असेल तर बहुधा खाण्यातलं बिघडलेलं असतं. पहिल्याच दिवशी १०३ ताप असेल तर दुसरा काही आजार आहे का हेही बघावं लागतं. अपेंडिक्सचा सुरुवातीचा ताप ९९ ते १०० च्या आसपास रेंगाळतो. पडून राहण्याची तऱ्हाही बघा. मुतखड्याचा रुग्ण गडाबडा लोळतो, त्याला कुठल्याच कुशीवर चैन पडत नाही. अपेंडिक्सचा रुग्ण उजवा गुडघा पोटाशी घेऊन निपचित पडतो, खोकलाही दाबून खोकतो, उठला तर उजवीकडे वाकून चालतो.

घरच्या घरी करता येण्याजोगी एक साधी परीक्षा आहे. चवड्यांवर उभं राहायला सांगून टाचा जमिनीवर एकदम आपटायला सांगा. लहान मुलाला उजव्या पायावर लंगडी घालायला सांगा. पोटाच्या अस्तराला सूज असेल तर खाली उजवीकडे चटकन कळ जाते, मूल लंगडी घालायलाच नकार देतं. रस्त्यातले गतिरोधकही हीच परीक्षा घेतात. इंग्लंडमध्ये २०१२ साली डॉक्टरांनी हे मोजून पाहिलं होतं: अपेंडिक्स नक्की ठरलेल्या ३४ रुग्णांपैकी ३३ जणांना दवाखान्यात येताना गतिरोधकावर दुखणं वाढलं होतं. उलट बाजूही सांगायला हवी. गतिरोधकावर दुखलं म्हणजे अपेंडिक्सच असं नाही, पोटातल्या इतर सुजेलाही दुखतं. मात्र खड्ड्याखड्ड्यांतून गाडी गेली आणि काहीच जाणवलं नाही, तर अपेंडिक्सची शक्यता बरीच कमी होते. आपल्याकडच्या रस्त्यांवर ह्या परीक्षेची सोय मुबलक आहे, तेव्हा रुग्णाला वाटेत आवर्जून विचारा आणि डॉक्टरांना सांगा.

आता घरी काय चुकतं ते. 'बेंबी सरकली' म्हणून पोट चोळून घेतात. सुजलेली, ताणलेली नळी बाहेरून दाबून चोळली तर ती फुटायला मदतच होते. शौचाला झाली नाही म्हणून एरंडेल किंवा जुलाबाची गोळी देतात. आतडं जोराने आवळतं आणि दाब वाढतो. एनिमाही तसाच घातक. गरम पाण्याच्या पिशवीने तात्पुरतं बरं वाटतं आणि त्या बरं वाटण्यात रात्र निघून जाते. ओवा-पाण्याने काही बिघडत नाही, पण ते देऊन दुसऱ्या दिवसाची वाट बघण्याने बिघडतं. पेरूच्या किंवा टोमॅटोच्या बिया अडकून हे होतं, म्हणून मुलाला रागावण्यातही अर्थ नाही. ते क्वचित होतं. आमचं मोजमाप असं: पोट सलग सहा तास दुखतंय, भूक मेली आहे आणि दुखणं खाली उजवीकडे सरकतंय, तर घड्याळात कितीही वाजलेले असोत, निघायचं. निघताना खायला काही द्यायचं नाही. भूल देण्याआधी जेवणाला सहा तास आणि साध्या पाण्याला दोन तास उलटावे लागतात. 'उपाशी कसं न्यायचं' म्हणून घातलेला दूधभात ऑपरेशन तेवढं पुढे ढकलतो.

एवढी घाई का? २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं, की दुखणं सुरू झाल्यापासून पहिल्या ३६ तासांत फुटण्याचा धोका दोन टक्के किंवा त्याहून कमी असतो आणि त्यानंतर दर बारा तासांना सुमारे पाच टक्के. म्हणजे पहिला दिवस आणि पहिली रात्र हा आपल्या हातातला काळ. तो आपल्याकडे बहुतेक वेळा दवाखान्यात जात नाही, दवाखान्यापर्यंत पोचण्यात जातो.

आणि एक फसवी खूण. दोन दिवस दुखून अचानक आराम पडला, रुग्ण म्हणाला 'आता बरं आहे', आणि मग काही तासांत सगळं पोट दुखू लागलं, पोट लाकडासारखं कडक झालं, ताप चढला, नाडी पळू लागली. तो आराम फुटलेल्या नळीतला दाब उतरल्याचा असतो. देवाला नवस फेडायच्या आधी गाडी बोलवा.

दुसरा टप्पा गावचा दवाखाना. ह्याला पाचपैकी दोन, आणि जिथे डॉक्टर पोटाला हात लावतात तिथे चार. गुणांतला हा फरक यंत्राने पडत नाही, दोन मिनिटांच्या तपासणीने पडतो. रुग्णाला आडवं झोपवून, गुडघे दुमडायला लावून, डावीकडून सुरुवात करून शेवटी उजव्या खालच्या बाजूला हात आणणं. दाबून हात चटकन सोडल्यावर जास्त दुखतं का पाहणं. मुलगा असेल तर अंडकोष तपासणं, कारण तिथला पीळही पोटदुखी म्हणूनच येतो आणि त्याला सहाच तासांची मुदत असते. खुर्चीत बसवून, शर्टावरून, 'गॅस झालाय' म्हणत कमरेत इंजेक्शन देणारी जागा ह्या आजारासाठी टाळावी.

इंजेक्शनाविषयी एक गैरसमज दोन्ही बाजूंनी आहे. वेदनाशामक दिलं तर निदान झाकलं जातं, असं पूर्वी शिकवलं जायचं. आता तसं मानत नाहीत. मोठ्या दवाखान्यात वेदनाशामक देऊनच तपासतात आणि निदान चुकत नाही. चूक होते ती इंजेक्शन देऊन 'परवा या' असं सांगण्यात. पोटदुखीच्या रुग्णाला त्याच डॉक्टरांनी सहा ते बारा तासांत पुन्हा तपासलं पाहिजे, किंवा स्पष्ट सांगितलं पाहिजे की उतार नाही पडला तर रात्रीच पुढे जा. दुसरी चूक कागदाच्या पुडीत बांधलेल्या रंगीत गोळ्यांची. त्यात एखादं अँटिबायोटिक असेल तर आजार अर्धवट दबतो आणि पुढच्या डॉक्टरला काय दिलंय ते कळायला मार्ग उरत नाही. औषधाची पट्टी मागून घ्या, निदान नाव लिहून घ्या.

पाठीमागे लपलेलं अपेंडिक्स आणखी चकवतं. ते आतड्यामागे असेल तर दुखणं कुशीत, पाठीत जाणवतं. ओटीपोटात लोंबत असेल तर लघवीला आग होते आणि पातळ शौचाला होतं, मग 'उन्हाळी लागली' म्हणून चार दिवस धने-जिऱ्याचं पाणी चालतं. म्हातारी माणसं आणि मधुमेही ह्यांना दुखणं बेताचंच असतं. भूक गेली, पोट थोडं फुगलं, एवढ्यावरही संशय घ्यावा. पाच वर्षांखालच्या मुलांत बोलून दाखवता येत नाही, जंत समजले जातात, आणि म्हणूनच त्यांच्यात फुटण्याचं प्रमाण मोठं. गरोदरपणाचे महिने वाढतात तसं दुखणं वरही सरकू शकतं.

बायकांच्या बाबतीत एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. पाळीची शेवटची तारीख विचारणं आणि लघवीची गर्भचाचणी करणं हा तपासणीचा नेहमीचा भाग आहे. लग्न झालेलं असो वा नसो. उजव्या बीजांडकोशाच्या गाठीला पीळ पडणं आणि गर्भाशयाच्या नळीत राहिलेला गर्भ हे दोन्ही अगदी अपेंडिक्ससारखे दुखतात, आणि दुसऱ्यात जीव जाऊ शकतो. सोबतच्या वडीलधाऱ्यांनी इथे अपमान मानू नये. मुलीशी आणि डॉक्टरांशी दोन मिनिटं एकांतात बोलणं झालं तर ते चांगल्या दवाखान्याचं लक्षण.

निदानासाठी चांगल्या जागी डॉक्टर मनातल्या मनात एक बेरीज करतात. अल्व्हराडो ह्या डॉक्टरांनी १९८६ साली ती मांडली. दुखणं बेंबीपासून उजवीकडे सरकलं १, भूक नाही १, मळमळ-उलटी १, खाली उजवीकडे दाबल्यावर दुखतं २, हात सोडल्यावर दुखतं १, ताप ९९.१ किंवा वर १, पांढऱ्या पेशी दहा हजारांवर २, त्यांतल्या न्यूट्रोफिल पेशींचं प्रमाण वाढलेलं १. एकूण दहा. चारपर्यंत असेल तर शक्यता कमी, पाच-सहा म्हणजे थांबवून ठेवून पुन्हा तपासायचं, सात आणि पुढे म्हणजे सर्जनला बोलवायचं. ह्यातले सहा गुण नुसत्या विचारपुशीने आणि हाताने मिळतात, सातवा थर्मामीटरने. राहिलेल्या तिनांना एक रक्ताचा रिपोर्ट पुरतो. म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातही निम्म्याहून अधिक काम होऊ शकतं, आणि रेफरच्या चिठ्ठीवर हे आठ मुद्दे लिहून पाठवणारं केंद्र दिसलं तर त्याला आम्ही पाचपैकी पाच देऊ.

सोनोग्राफीबद्दल अपेक्षा नीट ठेवा. दाबल्यावर न चेपणारी, बंद टोकाची, ६ मिलिमीटरहून जाड नळी दिसली तर अपेंडिसायटिस. पण रिपोर्टात 'अपेंडिक्स दिसलं नाही' असं असेल तर त्याचा अर्थ 'अपेंडिक्स ठीक आहे' असा नाही. पोटात वायू असेल, रुग्ण जाड असेल, नळी मागे दडली असेल तर ती दिसत नाही. ही तपासणी करणाऱ्याच्या हातावर अवलंबून आहे. दुखऱ्या जागेवर हळूहळू दाब वाढवत शोधायला वेळ लागतो. पाच मिनिटांत यकृत, मूत्रपिंड, मूत्राशय उरकून 'नॉर्मल' लिहिलेला कागद हातात पडला तर विचारा: अपेंडिक्स पाहिलं का? दिसलं का? शंका उरलीच तर सीटी स्कॅन. मोठ्यांत त्याची अचूकता ९५ टक्क्यांच्या घरात जाते. त्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी) आणि बाईची गर्भचाचणी बघतात. गरोदर बाईला एमआरआय. लहान मुलाला किरणांचा मारा टाळण्यासाठी आधी सोनोग्राफी, आणि लागलं तर काही तासांनी पुन्हा सोनोग्राफी.

आता रस्ता. १०८ ही रुग्णवाहिका कर्नाटकात २००८ पासून आहे. सीमेलगत फोन लावताना पहिल्या वाक्यात राज्य, जिल्हा, तालुका, गाव आणि ओळखीची खूण सांगा. एकाच नावाची गावं दोन्ही बाजूंना आहेत आणि दोन्ही राज्यांत नंबर १०८ च आहे. पलीकडून कन्नड आलं तर गोंधळू नका. 'होट्टे नोवु' म्हणजे पोटदुखी, 'बलगडे केळगे' म्हणजे उजवीकडे खाली, 'वांती' म्हणजे उलटी, 'ज्वर' म्हणजे ताप. एवढे चार शब्द घरातल्या फोनशेजारी लिहून ठेवले तरी पुरेत. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात फोनची रेंजही जाते आणि रस्ताही. तिथे गाडीची वाट घरात बसून बघण्यापेक्षा गावातल्या जीपने डांबरी रस्त्यापर्यंत पुढे येणं शहाणपणाचं. हा अपघात नव्हे, तेव्हा रुग्ण मागच्या सीटवर उजवा गुडघा दुमडून आडवा येऊ शकतो. दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून मात्र आणू नये.

कुठे न्यायचं? खानापूरकरांना बेळगाव पंचवीसेक किलोमीटर, सरळ. निपाणीकरांना कोल्हापूर साधारण चाळीस आणि बेळगाव पंच्याहत्तर, म्हणून त्यांचा ओढा उत्तरेकडे. अथणी-कागवाडकडचे मिरज-सांगली गाठतात. चंदगडचे लोक उलट महाराष्ट्रातून बेळगावला येतात. अंतर बघूनच ठरवावं. भाषेवरून किंवा नात्यागोत्यावरून तास वाढवू नयेत.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्याला सरसकट गुण देता येत नाहीत. सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघं नेमलेले असतील तर साधं अपेंडिक्स तिथे उत्तम होतं आणि खर्चही वाचतो. दोघांपैकी एक नसेल तर तिथे फक्त सलाईन, अँटिबायोटिकचा पहिला डोस आणि चिठ्ठी मिळते. तीही सेवाच आहे आणि ती घ्यावी. आपल्या तालुक्यात कोण नेमलेलं आहे आणि कुठल्या वारी असतं, हे आशाताईंना किंवा आरोग्य कर्मचाऱ्यांना आजच, कुणी आजारी नसताना विचारून ठेवा.

बेळगावातलं सिव्हिल, म्हणजे बिम्सचं जिल्हा रुग्णालय, आणि नेहरूनगरचं केएलईचं डॉ. प्रभाकर कोरे हॉस्पिटल ही दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेली आहेत. आमच्या रात्री अकराच्या कसोटीवर अशा जागांचं बळ इथेच दिसतं: सर्जरीत शिकणारे निवासी डॉक्टर रात्रभर ड्युटीवर असतात. सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका, थेट कॅज्युअल्टीत जा आणि तिथे 'पोट दुखतंय' एवढंच न सांगता 'काल दुपारपासून, आधी बेंबीभोवती, आता खाली उजवीकडे, दोन उलट्या, सकाळपासून काही खाल्लेलं नाही' असं सांगा. एवढ्या एका वाक्याने तुमची फाईल सर्जनच्या टेबलावर लवकर पोचते.

खासगी नर्सिंग होम निवडताना पाटीवरच्या पदव्या मोजण्यापेक्षा तीन प्रश्न विचारा. रात्री निवासी डॉक्टर कोण? भूलतज्ज्ञ किती वेळात येतात? आत पू पसरलेला निघाला तर अतिदक्षता विभाग इथे आहे की हलवावं लागेल? चांगली जागा ही उत्तरं न रागावता देते. अनेक छोट्या दवाखान्यांत साध्या अपेंडिक्सचं काम स्वच्छ, नेटकं आणि माणुसकीने होतं. त्यांना आम्ही पाचपैकी चार देतो. पोट कडक झालेलं, लघवी कमी झालेली, रक्तदाब उतरलेला रुग्ण मात्र तिथे न थांबवता मोठ्या ठिकाणी न्यावा.

इथे एक बारकावा आहे, आणि तो न कळल्याने भांडणं होतात. अपेंडिक्सचं निदान रात्री एकला झालं आणि डॉक्टर म्हणाले 'सकाळी आठला घेऊ', तर ती हयगय समजू नका. न फुटलेल्या अपेंडिक्सला सलाईन आणि अँटिबायोटिक सुरू करून दवाखान्याच्या नजरेखाली २४ तासांपर्यंत थांबवणं सुरक्षित मानलं जातं. ताजेतवाने हात आणि सगळी माणसं जागेवर असलेलं थिएटर ह्यांचा फायदाच होतो. घरी काढलेली रात्र आणि दवाखान्यात काढलेली रात्र सारखी नसते. फुटलेलं असेल, पू पसरला असेल, तर मात्र सकाळ नाही.

कार्डाची गोष्ट. कर्नाटकात २०१८ पासून आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजना आहे. बीपीएल रेशनकार्डावर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, एपीएलला ठरलेल्या दराच्या तीस टक्के. साधारण नियम असा, की जे काम सरकारी दवाखान्यात होतं ते आधी तिथे, आणि तिथे सोय नसेल तर रेफरलची चिठ्ठी घेऊन खासगीत. तातडीच्या बाबतींत वेगळी वाट असते, ती दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, विचारायची. रेशनकार्ड आणि रुग्णाचं आधार निघतानाच बरोबर घ्या. सीमा ओलांडून कोल्हापूर-मिरजेला जाणार असाल तर तिथल्या आरोग्यमित्राला पहिल्या तासातच कार्ड दाखवा. महाराष्ट्र सरकारने २०२३ साली सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, त्यावर कर्नाटकाने हरकत घेतली. ह्या ओढाताणीत आपलं कार्ड कुठे चालतं ते ऐकीव माहितीवर सोडू नका.

ऑपरेशन दोन तऱ्हांनी होतं. दुर्बिणीच्या पद्धतीत बेंबीपाशी १० मिलिमीटरचं आणि खाली ५ मिलिमीटरची दोन अशी तीन छिद्रं. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात, नळीची रक्तवाहिनी बंद करतात, बुडाशी फास बसवून नळी कापून पिशवीतून बाहेर काढतात. पूर्ण भूल लागते. नंतर एकदोन दिवस खांदा दुखतो. तो उरलेल्या वायूने, घाबरू नका. उघड्या पद्धतीत उजवीकडे तीन-चार इंचांचा छेद, आणि ते कमरेतल्या भुलीवरही होतं. दुर्बिणीने जखम पिकण्याचं प्रमाण कमी आणि कामावर लवकर परतता येतं, शिवाय बायकांत बीजांडकोश डोळ्यांनी पाहता येतात. म्हणून सोय आणि हात असेल तिथे आमचं मत दुर्बिणीला. पण दुर्बिणीसाठी फुटायला आलेला रुग्ण साठ किलोमीटर पुढे हलवणं चूक. उघडं ऑपरेशन शंभर वर्षांहून जास्त काळ जीव वाचवत आलं आहे. संमतीपत्रावर 'गरज पडल्यास उघडं करू' अशी ओळ असते. ते कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून मागा, तो तुमचा हक्क आहे.

बिनऑपरेशनचा उपायही आता खरा आहे, पण अर्धा सांगितला जातो. न फुटलेल्या, खडा नसलेल्या अपेंडिक्सला नुसत्या अँटिबायोटिकने उतार पडू शकतो. अमेरिकेतल्या २०२० च्या मोठ्या चाचणीत असे उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे २९ टक्क्यांना ९० दिवसांतच ऑपरेशन करावं लागलं. नळीत खडा असलेल्यांत ते ४१ टक्के होतं. फिनलंडच्या चाचणीत पाच वर्षांत ३९ टक्क्यांना पुन्हा त्रास झाला. बेळगाव शहरात राहणाऱ्या, सीटीत खडा न दिसलेल्या माणसाने हा मार्ग डॉक्टरांशी बोलून निवडावा. पावसाळ्यात रस्ता बंद होणाऱ्या वाडीतल्या माणसाला आम्ही तो सुचवणार नाही.

पाच-सहा दिवस उशीर झालेल्यांत कधी आतडी आणि चरबी भोवती चिकटून गोळा बनतो. तेव्हा लगेच कापायला गेलं तर आतड्याला इजा होते, म्हणून अँटिबायोटिक देऊन थांबतात, पू साचला असेल तर सोनोग्राफीत बघत सुईने किंवा नळीने काढतात. अपेंडिक्स काढायचं का, ते सहा ते बारा आठवड्यांनी ठरवतात. 'ऑपरेशन न करताच पाठवलं' म्हणून तिथे वाद घालू नये. वय चाळिशीपुढे असेल तर त्या मधल्या काळात दुर्बिणीने मोठं आतडं तपासून घ्यावं, कारण गोळ्याच्या आड गाठ लपलेली असू शकते. आपल्याकडे आतड्याचा क्षयही त्याच कोपऱ्यात घर करतो.

बिलाकडे बघताना एक खूण. अँटिबायोटिकचा डोस छेद घेण्याआधी तासाभरात दिलेला असला पाहिजे. साधं अपेंडिक्स असेल तर त्यानंतर दिवसच्या दिवस महागडी इंजेक्शनं लागत नाहीत. फुटलेलं असेल तर तीन ते पाच दिवस पुरतात. साध्या ऑपरेशननंतर सात दिवस इंजेक्शनं चालू असतील तर कारण विचारा. पॅकेज सांगितलं तर त्यात भूलतज्ज्ञ, औषधं आणि बायोप्सी धरली आहे का, हेही आधी विचारा. साध्या अपेंडिक्सचा रुग्ण त्याच संध्याकाळी उठून चालतो, काही तासांत पाणी आणि मग पेज घेतो, एक ते तीन दिवसांत घरी जातो. दोन दिवस उपाशी ठेवायचं कारण नसतं. दुर्बिणीनंतर आठ-दहा दिवसांत बसून करायची कामं. घागर, उसाची मोळी, भाताची पोती दोन-तीन आठवडे नाहीत, आणि उघड्या ऑपरेशननंतर चार ते सहा आठवडे नाहीत. रोप लावणीचे दिवस असले तरी नाहीत.

घरी गेल्यावर पाचव्या ते दहाव्या दिवसाकडे लक्ष ठेवा, फुटलेलं असेल तर विशेष. जखमेतून पू, पुन्हा ताप, पोट फुगणं ही नेहमीची लक्षणं सगळ्यांना कळतात. न कळणारं एक आहे: शेंबडासारखी पातळ शौच, वारंवार जावंसं वाटणं, लघवीला त्रास. ओटीपोटात पू साचला की असं होतं, आणि गावात ते जुलाब म्हणून बांधलं जातं. जुलाब बांधायची गोळी न घेता ऑपरेशन केलेल्या जागीच परत जाऊन सोनोग्राफी करा.

शेवटचा कागद बायोप्सीचा. काढलेलं अपेंडिक्स डबीत घालून तपासायला गेलं का, हे डिस्चार्जच्या दिवशी विचारा. शंभरात एखाद्या रुग्णात त्यात छोटी गाठ सापडते, कधी क्षय, आणि दोन्हींवर पुढचा उपचार असतो. रिपोर्ट यायला काही दिवस लागतात. बरं वाटायला लागलं की कुणी तो आणायला जात नाही. टाके दाखवायला जाल त्या दिवशी तो मागा आणि डॉक्टरांकडून वाचून घेऊनच बाहेर पडा.